पळालेला शिपाई आणि राज्यसंस्थेचा दंड

(सातारा आणि सांगली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे एक गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एकाच गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने तेथे स्मृतिस्तंभ उभारला. त्यानंतरच्या प्रत्येक युद्धात या गावाने माणसे दिली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशी आणखीही गावे आहेत. तेथे सैन्यात जाणे हा पिढीजात व्यवसाय झाला आहे, आणि दरमहा घरी येणारा जवानाचा पैसा हाच संसाराचा मुख्य आधार आहे. अशा गावांत युद्धात पडलेल्याचे नाव दगडावर कोरले जाते, जिवंत परतलेल्याची मिरवणूक निघते. परंतु एक तिसरा शिपाईही असतो. तो रात्रीच्या एस.टी.ने तोंड लपवून येतो, आणि चार दिवसांनी पोलीस पाटील त्याच्या दारात उभा राहतो. गाव त्याच्याविषयी बोलत नाही. फौजेच्या बोलीतला 'भगोडा' हा शब्द एकदा चिकटला की बहिणीचे लग्न जमणेही कठीण होते.

या तिसऱ्या शिपायाला, विशेषतः युद्धकाळात पळालेल्या शिपायाला, राज्यसंस्थेने कोणती शिक्षा द्यावी, हा आजचा प्रश्न आहे. समाजवादी चळवळीने तो सहसा हाताळलेला नाही. शेतमजूर, गिरणी कामगार, धरणग्रस्त, देवदासी या सर्वांसाठी चळवळ उभी राहिली. वर्दीतला शेतकरी मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिला. राष्ट्ररक्षणाच्या विषयात बोलू गेल्यास देशद्रोहाचा शिक्का बसेल, ही भीती त्यामागे असावी. ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या सैन्याला १९५० चा लष्कर कायदा लागू आहे. त्याच्या ३८व्या कलमानुसार जो शिपाई प्रत्यक्ष मोहिमेवर असताना, अथवा मोहिमेचा हुकूम झालेला असताना सैन्य सोडून पळून जातो, त्याला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा देता येते. एरवीच्या काळात हाच गुन्हा घडल्यास कैदेची कमाल मुदत सात वर्षे आहे. पुढचे ३९वे कलम विनापरवाना गैरहजेरीचे. रजेची मुदत संपूनही न परतणारा शिपाई त्यात येतो, आणि त्याला अधिकाधिक तीन वर्षांची कैद सांगितली आहे. या दोन कलमांमधले अंतर केवळ मनातल्या हेतूचे आहे. परत जायचेच नाही, किंवा नेमून दिलेली जोखमीची कामगिरी चुकवायची, असा निश्चय असेल तर ते पलायन; तसा निश्चय नसेल तर ती गैरहजेरी. एका बाजूला तीन वर्षे आणि दुसऱ्या बाजूला फास किंवा गोळी, आणि या दोहोंच्या मध्ये माणसाच्या मनाचा अंदाज, अशी ही रचना आहे.

हा अंदाज कोण बांधतो? शिपाई तीस दिवस गैरहजर राहिला की एक चौकशी मंडळ बसते. गैरहजर माणूस अर्थातच तेथे नसतो. त्याच्या अंगावर कोणते सरकारी सामान होते, ते किती उणे पडले, तो केव्हापासून दिसत नाही, याची नोंद होते, आणि तो पुढेही हजर झाला नाही वा पकडला गेला नाही तर कायद्याच्या दृष्टीने तो पळपुटा मानला जातो. घरी कोणी आजारी होते काय, त्याने रजा मागितली होती काय, ती का नाकारली गेली, वरिष्ठाशी त्याचे काही वाजले होते काय, हे शोधण्याची सक्ती या व्यवस्थेत नाही.

'प्रत्यक्ष मोहीम' या शब्दाची व्याप्तीही ध्यानात घेतली पाहिजे. युद्ध जाहीर झालेले असलेच पाहिजे असे नाही. एखाद्या प्रदेशातले सैनिक मोहिमेवर आहेत असे जाहीर करण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या ९व्या कलमाने केंद्र सरकारला दिला आहे. म्हणजे देशात शांतता नांदत असताना सीमेवरच्या एका शिपायापुरते युद्ध चालू असू शकते, आणि त्याच्या अपराधाचे मोल सात वर्षांवरून एकदम प्राणापर्यंत चढते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या प्रश्नाकडे पाहिले तर त्याला प्रथम दिसेल तो एक करार. हिंदुस्थानात सक्तीची लष्करभरती नाही, सैन्यात येणारा स्वखुशीने येतो, सही करतो, शपथ घेतो. मग करार मोडणाऱ्याची गय का करायची, असे विचारले जाते. युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु ही स्वखुशी कोणत्या जमिनीत उगवते? माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणाच्या तालुक्यांत दोन एकर कोरडवाहू जमिनीवर तीन भाऊ असले की त्यांतला धाकटा भरतीच्या मैदानात धावायला जातो. त्याच्यासमोर निवड असते ती फौज, मुंबई किंवा उसाचा फड यांच्यातली. देशप्रेम त्याच्या मनात नसते असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या बागायती गावांत ऊस उभा आहे, तेथल्या मोठ्या वाड्यांत देशप्रेम कमी असते असेही कोणी म्हणत नाही. तरी त्या वाड्यांतले मुलगे शिपाईगिरीला क्वचितच जातात.

उसाच्या फडाचा उल्लेख सहज झाला, पण तो थोडा लांबवण्यासारखा आहे. सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येणारा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो. हंगामाच्या मध्यावर, मूल दगावले म्हणून किंवा अंग मोडून आले म्हणून तो रातोरात निघून गेला, तर मुकादमाची माणसे त्याचा माग काढतात, डांबतात, मारतात. त्यावर आपण संतापतो, आणि ते योग्यच आहे. आज जो प्रकार गुन्हा आहे तो एके काळी या देशाचा कायदा होता. १८५९ च्या एका कायद्याने आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकण्याची सोय करून दिली होती. मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा, मजुराने मोडला तर फौजदारी, असा तो न्याय होता. कामगारांच्या आणि लोकमताच्या रेट्यामुळे तो कायदा १९२५ साली रद्द करण्याचे ठरले. श्रमाचा करार मोडल्याबद्दल देहाला शिक्षा नाही, हे तत्त्व अशा रीतीने इतर सर्व श्रमिकांना लागू झाले. लागू झाले नाही ते शिपायाला.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ऊसतोड मजूर निघून गेला तर मुकादमाचे पैसे बुडतात. पहाऱ्यावरचा शिपाई निघून गेला तर झोपलेले दहा सोबती मारले जातात. शिपाई पळतो तेव्हा त्याच्या वाट्याचे मरण नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याच्या वाट्याला जाते. आणि तो शेजारीही खटावचा किंवा जतचा, त्याच्यासारखाच गरिबाचा मुलगा असतो. म्हणून पलायनाला शिक्षा नकोच, अशी भूमिका समाजवाद्याला घेता येणार नाही. एकमेकांवर विसंबून राहण्याचा धर्म जेथे मोडला जातो तेथे दंड हवा. प्रश्न आहे तो दंड किती, कोणी आणि कोणत्या चौकशीअंती द्यायचा हा.

इतिहासाकडे वळले तर या मुलखातच त्याची दोन उत्तरे सापडतात. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा मावळातले खंडोजी खोपडे स्वराज्य सोडून त्याला मिळाले. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाचा निकाल लागल्यावर खंडोजी हाती आले. कान्होजी जेध्यांनी रदबदली केली म्हणून प्राण वाचले. परंतु शिवाजी महाराजांनी त्यांचा एक हात आणि एक पाय तोडण्याची आज्ञा केली. दुसरे उदाहरण नेताजी पालकरांचे. ते सरनौबत, म्हणजे सर्व घोडदळाचे प्रमुख. १६६६ च्या आरंभी पन्हाळ्याचा हल्ला फसल्यानंतर ते विजापूरकरांना आणि पुढे मोगलांना मिळाले, धर्मांतरित झाले, दूर काबूलकडच्या मोहिमांवर पाठवले गेले. दहा वर्षांनी, १६७६ साली, ते परत आले तेव्हा महाराजांनी त्यांना शुद्ध करून पदरी घेतले. पदाच्या मानाने पाहिले तर नेताजींचे जाणे खंडोजींहून कितीतरी गंभीर होते. तरी एकाला अंगच्छेद आणि दुसऱ्याला परतीची वाट मिळाली. यात पक्षपात होता असे मानण्याचे कारण नाही. १६५९ साली राज्य टिकते की बुडते असा प्रसंग होता. १६७६ साली अभिषेक होऊन दोन वर्षे झाली होती. असुरक्षित सत्ता अंग तोडते, स्थिर सत्ता परत आलेल्याला आत घेऊ शकते. आजचे भारतीय प्रजासत्ताक या दोहोंपैकी कोणत्या अवस्थेत आहे, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे.

या दोन जिल्ह्यांचा अगदी जवळचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९४३ ते १९४६ या काळात, सांगली जिल्हा अजून वेगळा झालेला नसताना, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. कुंडलला जी. डी. लाड यांनी तुफान सेना उभी केली. वाळव्याच्या नागनाथ नायकवडी यांच्या गटाला शस्त्रांचे शिक्षण हवे होते, त्यासाठी आझाद हिंद सेनेतले दोन शिपाई या भागात आले. त्यांपैकी नानकसिंग हे फेब्रुवारी १९४६ मध्ये शिराळ्याच्या डोंगराळ भागात पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर यांच्यासह हुतात्मा झाले. वाळवा परिसरात आजही ही दोन्ही नावे आदराने घेतली जातात. इंग्रज सरकारच्या लेखी मात्र आझाद हिंद सेना म्हणजे मुख्यतः शपथ मोडून शत्रूला मिळालेल्या फितुरांचा जमाव होता. तिच्या सैनिकांची पांढरे, करडे आणि काळे अशी प्रतवारी करून त्यांची चौकशी चालू होती. एकाच माणसासाठी दिल्लीच्या दप्तरात एक शब्द होता आणि वाळव्याच्या वेशीवर दुसरा.

लाल किल्ल्यातला खटला सर्वांना ठाऊक आहे. शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लाँ यांच्यावर बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता. भुलाभाई देसाईंनी बचाव केला. लष्करी न्यायालयाने तिघांनाही जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा, बडतर्फी आणि थकलेल्या वेतनाची जप्ती फर्मावली. जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी काळ्या पाण्याची शिक्षा माफ केली. बडतर्फी आणि जप्ती कायम ठेवली. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही या सैनिकांना पुन्हा लष्करात घेतले नाही, ही गोष्ट भाषणांमधून सहसा सांगितली जात नाही. राष्ट्रीय चळवळीचेही या बाबतीत एकमत नव्हते. १९३० साली पेशावरला निःशस्त्र जमावावर गोळी चालवण्यास नकार देणाऱ्या गढवाली शिपायांना लष्करी न्यायालयाने कठोर शिक्षा दिल्या, आणि गांधीजींनी त्यांच्या आज्ञाभंगाचे समर्थन केले नाही. उद्या आपलेच राज्य येईल, तेव्हा आपल्याच शिपायांनी आज्ञा मोडली तर काय, हा विचार त्यांच्यापुढे होता. गांधीजींचा हा निष्कर्ष पटो वा न पटो, त्यांनी प्रश्न टाळला नाही.

पलायन आणि पक्षांतर या गोष्टी वेगळ्या आहेत हे उघड आहे. पण या सर्व प्रकरणांतून एक बाब निश्चित होते. सैन्य सोडण्याच्या कृतीला स्वतःचा असा एकच अर्थ नसतो. ती का घडली, कोणापासून दूर जाण्यासाठी घडली, कशाकडे जाण्यासाठी घडली, हे पाहिल्यावाचून तिचे मोल ठरत नाही. आणि ज्या शिक्षेनंतर फेरविचाराची वाट उरत नाही, तिला या प्रांतात जागा असू नये.

मृत्युदंडाचा धाक नसेल तर सैन्य टिकणार नाही, असा समज जुना आहे. त्याची परीक्षा इतिहासात झालेली आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी तीन हजारांवर मृत्युदंड फर्मावले. त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के अमलात आले नाहीत. शिक्षा स्थगित करून माणूस पुन्हा खंदकात पाठवला जाई, कारण मेलेल्या शिपायापेक्षा जिवंत शिपाई उपयोगी. तरीही पलायन, भेकडपणा आणि तत्सम अपराधांसाठी ३०६ जणांना पहाटे खांबाला बांधून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतला एक शिपाई हॅरी फार. तोफांच्या भडिमाराने मज्जातंतूंवर आघात होऊन तो १९१५ साली पाच महिने इस्पितळात होता. पुढल्या वर्षी पुन्हा आघाडीवर जाणे अशक्य झाले, तेव्हा भेकड ठरवून त्याला मारण्यात आले. त्याच्या विधवेला निवृत्तिवेतन मिळाले नाही. आपली माणसे अशी मारू देण्यास ऑस्ट्रेलियाने मात्र साफ नकार दिला. शंभराहून अधिक ऑस्ट्रेलियन शिपायांना मृत्युदंड सुनावला गेला, एकाचाही अमलात आला नाही. आणि ऑस्ट्रेलियन पलटणी लढाईत मागे राहिल्या असे त्यांचे शत्रूही म्हणत नाहीत.

ब्रिटनमधली ही शिक्षा रद्द करण्याचे श्रेय मजूर पक्षाच्या एका खासदाराला आहे, आणि कार्यकर्त्यांनी त्याचे नाव लक्षात ठेवावे. अर्नेस्ट थर्टल हा स्वतः महायुद्धात लढलेला, जॉर्ज लॅन्सबरींचा जावई. गोळ्या घातलेल्या शिपायांच्या हकिकती गोळा करून त्याने पुस्तिका काढली, आणि वर्षानुवर्षे तोच विषय संसदेत मांडत राहिला. शेवटी १९३० साली मजूर सरकारच्या काळात पलायन आणि भेकडपणा यांसाठीचा मृत्युदंड रद्द झाला. उमरावांच्या सभागृहाने विरोध केला, मोठमोठे सेनापती विरोधात बोलले; लोकसभागृहाने तो मोडून काढला. ज्या ३०६ जणांचा वर उल्लेख आला त्यांना २००६ साली, मृत्यूनंतर नव्वद वर्षांनी, कायद्याने माफी मिळाली. हॅरी फारची मुलगी तो दिवस पाहायला जिवंत होती.

या बदलाची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. युद्धाच्या संपूर्ण काळात ब्रिटिश सैन्यातून सुमारे एक लाख माणसे पळाली. १९४२ साली आफ्रिकेच्या वाळवंटात रोमेलपुढे माघार चालू असताना तेथल्या सेनापतीने मृत्युदंड परत आणण्याची मागणी केली. तो सेनापती म्हणजे ऑकिनलेक. चार वर्षांनी लाल किल्ल्यातल्या तिघांची शिक्षा माफ करणारे तेच हे गृहस्थ. मंत्रिमंडळाने मागणी मान्य केली नाही. मृत्युदंड नसलेले ते सैन्य त्याच वर्षाच्या अखेरीस अल अलामीनला जिंकले आणि पुढे इटलीत उतरले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही इटलीच्या त्या मोहिमेत होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस त्याच भूमीवरचे आहेत. सेना कशाने सावरली, याचा शोध घेणाऱ्यांना नेतृत्व, विश्रांती, पुरवठा, टपाल आणि जखमींची व्यवस्था ही कारणे सापडतात. पाठीमागे रोखलेल्या बंदुकीचे नाव त्यांत नाही.

अमेरिकेने त्या युद्धात एकवीस हजारांहून अधिक शिपायांना पलायनाबद्दल दोषी ठरवले, ४९ जणांना मृत्युदंड सुनावला, आणि प्रत्यक्षात एकालाच मारले: ३१ जानेवारी १९४५ रोजी, एडी स्लोव्हिक याला. डेट्रॉइटच्या कामगारवस्तीतला, लहानपणी भुरट्या चोऱ्या करून सुधारगृहात गेलेला हा मुलगा. ४९ मधून हाच का निवडला गेला, याचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी व्हिएतनाम युद्धाच्या वेळी भरती चुकवणाऱ्यांना सरसकट माफी दिली, आणि भरती होऊन मग पळालेल्यांना त्यातून वगळले. भरती चुकवण्यासाठी वकील, विद्यापीठ आणि परदेशचे तिकीट लागत असे. पळण्यासाठी फक्त पाय लागत. माफीचा लाभ कोणत्या वर्गाला झाला हे सांगायला आकडेवारीची गरज पडू नये.

आता आपल्याकडची दोन अलीकडची उदाहरणे. धुळे जिल्ह्यातला एक तरुण राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मिरात होता. २९ सप्टेंबर २०१६ रोजी, ज्या दिवशी भारतीय सैन्याने नियंत्रण रेषेपलीकडील लक्ष्यभेदी कारवाई जाहीर केली त्याच दिवशी, तो हत्यारासह नियंत्रण रेषा ओलांडून पलीकडे गेला. ती बातमी ऐकून, आईवडिलांच्या माघारी त्याला वाढवणाऱ्या आजीने प्राण सोडला. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने त्याला परत केले. वरिष्ठाविषयीच्या तक्रारींमुळे त्याने आपली चौकी सोडली होती, हे लष्कराच्याच निवेदनात नमूद होते. लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवून तीन महिन्यांहून कमी कैद दिली. म्हणजे कलमात मृत्युदंडाची तरतूद असली तरी प्रत्यक्ष लष्करी व्यवहार तारतम्य पाळतो, हे मान्य केले पाहिजे. पण मग असा प्रश्न उरतो की तक्रार शिपायाची होती, शिपायाला शिक्षाही झाली. त्या तक्रारीचे पुढे काय झाले?

दुसरे उदाहरण याहून विदारक आहे. कारगिल युद्ध संपल्यानंतर, १९९९ च्या सप्टेंबरात, उत्तर प्रदेशातला एक सॅपर आणि त्याचा सोबती सीमेवरून बेपत्ता झाले. लष्कराच्या दप्तरात त्यांची नोंद पळपुटे म्हणून झाली. सॅपरच्या नवविवाहित पत्नीने काही वर्षे वाट पाहिली. मग घरच्यांनी तिचे दुसरे लग्न लावून दिले. ऑगस्ट २००४ मध्ये दोघेही परतले. पाच वर्षे ते पाकिस्तानच्या तुरुंगात युद्धकैदी होते. पत्नी तेव्हा गरोदर होती. गावात पंचायत बसली, दूरचित्रवाणीवर तमाशा झाला, तिला पहिल्या नवऱ्याकडे पाठवण्यात आले, आणि दीड वर्षाच्या आत ती आजारपणात वारली. शत्रूच्या कोठडीत असलेल्या माणसाला त्याच्याच सैन्याने पळपुटा म्हटले होते, आणि त्या एका शब्दाची किंमत अशी वसूल झाली. ज्याची बाजू ऐकली गेली नाही त्याच्याविषयी तीस दिवसांनी केलेली नोंद किती विश्वासार्ह असू शकते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

लष्करी न्यायदानातला वर्गभेदही येथे सांगितला पाहिजे. समरी कोर्ट मार्शल नावाच्या न्यायालयात शिपायाचा कमांडिंग ऑफिसर हा एकटाच न्यायाधीश असतो. ज्याने रजा नाकारली तोच, किंवा त्याचा वरिष्ठ, गैरहजेरीचा निवाडा करतो. या न्यायालयापुढे अधिकाऱ्याचा खटला चालू शकत नाही, ज्युनियर कमिशन्ड अधिकाऱ्याचाही नाही. ते केवळ शिपायांसाठी आणि नायक-हवालदारांसाठी आहे. लष्करी न्यायालयाविरुद्ध एकही अपील नसावे याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली बेदी खटल्यात खेद व्यक्त केला. १९८७ साली रणजित ठाकूर खटल्यात त्याच न्यायालयाने, शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी असता कामा नये, हे तत्त्व लष्करालाही लागू केले. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा व्हायला मात्र २००७ साल उजाडले. तेथे दाद मागता येते हे खरे. पण बडतर्फ झालेला जतचा शिपाई मुंबईला वकील कोठून देणार?

या सगळ्याच्या आधारावर काही मागण्या मांडता येतात. ३८व्या कलमातला मृत्युदंड काढून टाकावा. त्याने राष्ट्राच्या संरक्षणाला बाध येत नाही, कारण शत्रूशी संधान बांधणे, शत्रूसमोर हत्यार टाकणे, नेमून दिलेली चौकी निर्लज्जपणे सोडणे हे अपराध ३४व्या कलमात स्वतंत्रपणे सांगितलेलेच आहेत. देहदंडालाच विरोध असलेल्यांचा ३४व्या कलमाशीही वाद आहे. पण तो वेगळा लढा आहे, आणि दोन्ही एकत्र केले तर एकही तडीस जाणार नाही. ३८व्या कलमाखाली उरणारा शिपाई हा मुख्यतः घाबरलेला, खचलेला, अपमानित झालेला किंवा घराच्या ओढीने निघून आलेला असतो. त्याला कैद व्हावी, पण पहिल्या अपराधाची कैद स्थगित करून त्याला पलटणीत परतण्याची संधी मिळावी. शिक्षा स्थगित करण्याची तरतूद कायद्यात आजही आहे. तिचा वापर हा मर्जीचा नव्हे तर नियमाचा भाग झाला पाहिजे. खटल्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी सक्तीची असावी. चौकशी मंडळाने घरच्यांचे म्हणणे नोंदवावे, आणि रजेच्या अर्जांची नोंद तपासावी. रजा नाकारण्यात अन्याय झाला असेल, किंवा वरिष्ठाने छळ केला असेल, तर त्या वरिष्ठाला त्याच खटल्यात उत्तर द्यावे लागावे.

आणखी एक मागणी केवळ पैशाची आहे, म्हणून ती शेवटी ढकलली जाते. बडतर्फ झालेल्या शिपायाचे निवृत्तिवेतन बुडते. चौदा वर्षांच्या नोकरीनंतर, पेन्शनला एक वर्ष उरलेले असताना, एखाद्याच्या हातून हा अपराध घडला, तर शिक्षा त्याला होते वर्षाची आणि त्याच्या बायकोला होते जन्माची. ज्या नोकरीचा मोबदला आधीच श्रमाने फेडलेला आहे, तो पुढच्या अपराधासाठी जप्त करणे हे कोणत्याही कामगार कायद्याच्या तत्त्वात बसणारे नाही. केलेल्या सेवेच्या प्रमाणात कुटुंबाला वेतन मिळाले पाहिजे. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेने हा हिशेब आणखी बिकट केला आहे. चार वर्षांचा करार, चौघांतल्या तिघांना पुढे नोकरी नाही, पेन्शन नाही. पण पलायनाची शिक्षा मात्र कायमच्या शिपायाला जी, तीच. देणे आखडते घेणाऱ्या मालकाने दंड तेवढाच ठेवावा, हे साखर कारखान्याच्या बाबतीत झाले असते तर एव्हाना मोर्चा निघाला असता.

या बाबतीत आज काम काय करता येईल, असे साताऱ्याच्या बैठकीत एका तरुणाने विचारले. त्याचे उत्तर साधे आहे. गेल्या दहा वर्षांत ३८व्या आणि ३९व्या कलमांखाली किती शिपायांना शिक्षा झाल्या, त्यांतले किती रजेवरून उशिरा परतलेले होते, किती खटले समरी कोर्ट मार्शलपुढे चालले, किती जणांचे निवृत्तिवेतन बुडाले, हे प्रश्न या दोन जिल्ह्यांच्या खासदारांनी लोकसभेत विचारावेत, असे निवेदन प्रत्येक तालुक्यातून त्यांच्याकडे जावे. आणि निवेदनावर सह्या घेण्यासाठी प्रथम माजी सैनिकांच्याच घरी जावे. पळालेल्या सोबत्याविषयी ते कडक बोलतील, ते शांतपणे ऐकून घ्यावे. त्यांच्यापैकी अनेकांना त्याची हकिकत ठाऊक असते.